कोकण किनाऱ्यावरील अज्ञात बुडालेले जहाज कसे शोधावे? कोल्हापूरच्या हौशी पाणबुड्यांना सविस्तर उत्तर

आपण विचारले आहे की, तारकर्लीला स्कूबाचे प्रशिक्षण घेतलेल्या आणि ३० मीटरपर्यंत उतरण्याचा दाखला मिळवलेल्या कोल्हापूरच्या काही मित्रांना कोकण किनाऱ्यावरचे, आजवर कोणी न पाहिलेले एखादे बुडालेले जहाज शोधायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी आणि साइड-स्कॅन सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी समुद्रतळाचे चित्र काढणारे यंत्र, विकत घ्यावा की भाड्याने आणावा. सोनारचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागे साधे गणित आहे. समजा, जहाज १० किलोमीटर लांब व तितक्याच रुंद चौकोनात कुठेतरी आहे, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. सोनार दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मीटर पाहतो आणि कडा सुटू नयेत म्हणून दोन फेऱ्यांमध्ये ८० मीटर अंतर ठेवावे लागते, असे धरले तर १२५ फेऱ्या आणि १,२५० किलोमीटरचा प्रवास होतो. ४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७.४ किलोमीटर वेगाने हे काम जवळजवळ १७० तासांचे आहे. वळणे, खवळलेला समुद्र आणि वाटेत आडवी येणारी जाळी यांचा वेळ त्यात धरलेला नाही. तोच चौकोन कागदपत्रांच्या आधारे २ किलोमीटर बाय २ किलोमीटर इतका आवळता आला, तर फेऱ्यांची लांबी ५० किलोमीटर होते आणि काम सात तासांत आटोपते. हे आवळण्याचे काम कोल्हापुरात बसून होते, आणि त्यातला एक भाग तर कोल्हापुरातच चांगला होतो.

बुडालेल्या जहाजाचा कागद उरतो तो बहुधा पैशाचा किंवा हक्काचा वाद झाला म्हणून. गलबत फुटले, माणसे पोहून वर आली, माल गेला, एवढ्यावर प्रकरण मिटले असेल तर त्याची नोंद शोधत बसण्यात अर्थ नसतो. माल कोणाचा, विमा कोणी भरायचा, जकात वसूल झाली होती का, तांडेलाची (नावेच्या प्रमुखाची) चूक होती का, असे प्रश्न उठले की पत्रे लिहिली जातात. आपल्या किनाऱ्यावर तर फुटलेल्या जहाजावर हक्क कोणाचा, हाच जुना वाद आहे. १६७४ साली रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झेंडनने इंग्रजांतर्फे ज्या सवलती मागितल्या, त्यांत किनाऱ्याला लागून फुटलेली जहाजे आणि त्यांवरील माल परत मिळावा, अशी एक मागणी होती. वादळाने किनाऱ्याला लागलेले तारू परत न देणे हा कोकणचा रिवाज असल्यामुळे शिवाजी महाराजांचा तिला विरोध होता. असे तंटे पुढेही चालू राहिले, आणि संशोधकाच्या दृष्टीने ती इष्टापत्तीच म्हणायची.

कोल्हापूरचा संबंध येथे थेट येतो. अठराव्या शतकाचा मोठा भाग सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवण बंदर करवीर दरबाराकडे होते. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेतला, तो पुढे करवीरकरांना परत दिला, आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. त्यामुळे त्या काळातील मालवणच्या समुद्रात घडलेल्या एखाद्या घटनेचा मराठी धागा शोधायचा असेल, तर कोल्हापूरच्या पुरालेखागारातील मोडी कागदांपासून आरंभ करावा. ‘जहाज बुडाले’ अशा मथळ्याचा कागद मिळेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. मालवणची जकात, किल्ल्यावरील खर्च, इंग्रज व पोर्तुगीज यांच्याशी झालेला पत्रव्यवहार, नुकसानभरपाईचे दावे, अशा वाटांनी जावे. आपल्या गटात किमान एकाला मोडी वाचता आलीच पाहिजे. कोल्हापुरात शिकवणारी माणसे आहेत, आणि छापील मराठीचा सराव असलेल्या माणसाला काही महिन्यांत कामापुरती मोडी येते.

या कागदांतील तिथीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तिच्यातून भरती-ओहोटी कळते, आणि इंग्रजी तारखेतून ती थेट कळत नाही. अमावास्या किंवा पौर्णिमा असेल तर उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास असेल तर भांग, म्हणजे लहान भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा मुंबईकडील कोळ्यांचा ढोबळ हिशेब आहे; मालवणला वेळ थोडी वेगळी येते, पण तर्काची दिशा तीच. पौर्णिमेच्या भरतीला एखादे गलबत खडपावर चढले असेल, तर पुढच्या उधाणापर्यंत ते तिथेच अडकून फुटले असण्याचा संभव मोठा आहे. भांगाच्या दिवशी लागले असेल, तर वाढत्या पाण्याने ते सुटून दुसरीकडे जाऊन बुडाले असेल.

एकाच घटनेच्या तारखा वेगवेगळ्या दप्तरांत जुळत नाहीत, याने गोंधळून जाऊ नये. पोर्तुगीजांनी १५८२ पासून नवी दिनदर्शिका धरली, इंग्रजांनी ती १७५२ साली स्वीकारली. त्यामुळे त्यापूर्वीच्या इंग्रजी आणि पोर्तुगीज पत्रांत सतराव्या शतकात दहा आणि अठराव्या शतकात अकरा दिवसांचा फरक पडतो. शिवाय अठराव्या शतकातील इंग्रजी जहाजांच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रवासाच्या रोजनिशीत, दिवस मध्यरात्री न बदलता दुपारी बारा वाजता बदलत असे, आणि तो नागरी दिवसाच्या बारा तास पुढे चाले. म्हणजे लॉगमध्ये १२ तारखेची संध्याकाळ लिहिलेली असेल, तर ती किनाऱ्यावरच्या माणसाची ११ तारखेची संध्याकाळ होय. तिथीशी ताळा घेताना हा फरक काढला नाही, तर भरतीचा सगळा हिशेब उलटा होतो.

इंग्रजी बाजूचे कागद मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात आणि लंडनला ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे लॉगही तेथेच मिळतात. पोर्तुगीज कागदांसाठी पणजी गाठावी लागते. एकोणिसाव्या शतकातील आगबोटींसाठी लॉईड्स लिस्ट (जहाजांच्या बातम्यांचे पत्र) व लॉईड्स रजिस्टर (जहाजांची सूची), अपघातानंतरच्या अधिकृत चौकशीचे अहवाल आणि मुंबईची इंग्रजी वृत्तपत्रे उपयोगी पडतात. चौकशी अहवाल सर्वांत मोलाचा, कारण त्यात शपथेवर सांगितलेल्या दिशा, खोली आणि वेळा असतात. करवीर नगर वाचन मंदिरात जुनी मराठी नियतकालिके चाळण्यात एखादा रविवार घालवला, तर तोही वाया जाणार नाही. आणखी एक वाट सुचवतो, जी सहसा कोणी चोखाळत नाही. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ साली. तोपर्यंत घाट उतरून कोकणच्या बंदरांशी असलेला व्यापार आपल्या पेठेच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. जुन्या व्यापारी घराण्यांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या माळ्यावर पडून असतील, तर समुद्रात गेलेल्या मालाची रक्कम त्यांत खर्ची पडलेली असू शकते, आणि रकमेबरोबर तिथी येतेच.

आता कागदातील स्थान समुद्रावर कसे आणावे, हे पाहू. माझ्या अनुभवात शोधाचे यशापयश ठरते ते येथेच. पहिले, खोलीचे माप. फॅदम म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर, आपल्या मच्छीमारांचा वावही जवळपास तेवढाच. दुसरे, दिशा. जुन्या नोंदीत ‘किल्ला ईशान्येस’ असे असेल, तर ती दिशा होकायंत्राची असते, आणि त्या वर्षी त्या ठिकाणी चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती ढळलेली होती, ते काढून दुरुस्ती करावी लागते. एका अंशाची चूक १० सागरी मैलांवर सुमारे ३२० मीटरची होते, आणि जुने होकायंत्र पाव-अर्ध्या बिंदूपेक्षा (एक बिंदू म्हणजे सव्वाअकरा अंश) बारीक वाचले जात नसे, हे लक्षात घेता त्या एका दिशेतून रेषा न मिळता पाचर मिळते. दोन खुणांच्या दिशा दिलेल्या असतील तर दोन पाचरी एकमेकींना जिथे छेदतात तो भाग, आणि त्यातही दिलेल्या खोलीशी जुळणारा पट्टा, एवढाच शोधक्षेत्र म्हणून धरावा. तिसरे, रेखांश. भारतीय भूसर्वेक्षणाचे जुने रेखांश मद्रास वेधशाळेच्या तत्कालीन मूल्यावर आधारलेले होते आणि पुढे त्यांत सुमारे अडीच कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दुरुस्ती झाली; आपल्या अक्षांशावर ती चार किलोमीटरहून अधिक भरते. शिवाय एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, आधारलेल्या नकाशावरील आकडे जीपीएसमध्ये जसेच्या तसे भरले, तर शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. म्हणून अक्षांश-रेखांशापेक्षा जमिनीवरील खुणांना मी नेहमी अधिक किंमत देतो: देऊळ, बुरूज आणि डोंगराचे टोक आजही जागेवर असते.

निष्णात माणसाच्या आकड्यातही चूक किती असते, याची कल्पना यावी म्हणून दोन उदाहरणे पुरेत. ध्रुवप्रदेशाचा शोधक शॅकल्टन याच्या ‘एन्ड्युरन्स’ या बर्फात बुडालेल्या जहाजाचे स्थान फ्रँक वॉर्स्ली या उत्तम नौकानयकाने सेक्स्टंट या कोनमापक यंत्राने काढून ठेवले होते, २०२२ च्या मार्चमध्ये ते जहाज ३,००८ मीटर खोलीवर सापडले, तेव्हा ते त्या स्थानाच्या दक्षिणेस सुमारे ४ सागरी मैलांवर होते. ‘टायटॅनिक’ने मदतीसाठी कळवलेले स्थान आणि १९८५ साली सापडलेले अवशेष यांत सुमारे १३ सागरी मैलांचे अंतर निघाले. पहिली चूक बर्फात अडकलेल्या माणसाची, तर दुसरी घाईत केलेल्या हिशेबाची. आपल्या जहाजाची नोंद कोणत्या परिस्थितीत झाली, हे वाचूनच तिच्याभोवती किती मोठे वर्तुळ काढायचे ते ठरवावे.

कोणते जहाज निवडावे, याविषयीही बोलले पाहिजे. १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ आगबोट, जी ‘वीजळी’ या नावाने लोकांच्या आठवणीत राहिली, ती सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ कुठेतरी सर्वांसह नाहीशी झाली. कोणी वाचले नाही, म्हणून साक्ष नाही; शेवटची दिसल्याची जागा आणि पुढचा मोकळा समुद्र एवढेच हाती आहे. अशा जहाजाच्या मागे हौशी गटाने लागू नये. याच्या उलट टोकाला विजयदुर्गाचे उदाहरण आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींच्या हल्ल्यात तुळाजी आंग्रे यांचे आरमार तेथे जळाले. आंग्रेंनी इंग्रजांकडून जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजाला लागलेली आग शेजारच्या गलबतांत पसरली. जागा ठाऊक आहे, तारीख ठाऊक आहे. पण ती जागा वाघोटणच्या खाडीच्या गाळात आणि संरक्षित किल्ल्याच्या पायथ्याशी आहे, आणि तिथले काम पुरातत्त्वज्ञांचे आहे. आपल्यासाठी योग्य तो मधला प्रकार: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा विसाव्या शतकातील लोखंडी आगबोट, जिच्यावरील माणसे वाचली, जिची चौकशी झाली, आणि जी ३० मीटरच्या आतील पाण्यात असण्याचा संभव आहे. देहरादूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाचे सागरी नकाशेही पाहावेत. अवशेषाच्या खुणेजवळ ‘पीए’ लिहिलेले असेल तर स्थान अंदाजे आहे, ‘पीडी’ असेल तर स्थान संशयास्पद आहे, आणि ‘ईडी’ असेल तर मुळात तिथे काही आहे की नाही याचीच शंका आहे. मला ‘पीए’च्या खुणा सर्वांत आवडतात; काहीतरी निश्चित आहे आणि ते नेमके कुठे, हे कोणी पाहिलेले नाही.

एवढे झाले की किनाऱ्यावर उतरावे, पण तेही बोटीसाठी नव्हे, माणसांसाठी. देवगड, मालवण, निवती, वेंगुर्ले येथील तांडेलांना समुद्रतळाची जी माहिती असते, ती कोणत्याही नकाशात नाही. जिथे जाळे अडकते ती जागा ते टाळतात, आणि तिचे आकडे त्यांच्या जीपीएसमध्ये साठवलेले असतात. ‘इथे जहाज बुडाले आहे का?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर हमखास होकारार्थी येते, कारण पाहुण्याला निराश करणे कोणालाच आवडत नाही. त्याऐवजी जाळे कुठे फाटते, फाटलेल्या जाळ्यात काय येते, तिथे कोणती मासळी मिळते, असे विचारावे. सपाट चिखलाच्या तळावर एकाच ठिकाणी तांबोशी किंवा गोबरा मिळत असेल, तर तिथे आडोसा आहे. तो खडक असेल किंवा लोखंड. जाळ्यात कोळसा, वीट, गंजाचा पापुद्रा किंवा लाकडाची खिळलेली फळी आली असेल, तर प्रश्न बराचसा सुटला. रापणवाले (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे) आणि ट्रॉलरवाले (यांत्रिक बोटीने जाळे ओढणारे) यांची माहिती वेगळी असते, म्हणून दोघांनाही भेटावे. आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात भेटावे, कारण तेव्हा माणसे जाळी विणत निवांत बसलेली असतात. मिळालेली माहिती गुप्त ठेवण्याचे वचन दिले असेल तर ते पाळावे. मासळीची जागा हे त्यांचे पोट आहे.

सोनारची वेळ आता येते. उथळ पाण्यासाठी साइड इमेजिंग असलेला चांगला फिशफाइंडर पुरतो, मोठा ओढता सोनार भाड्यानेच घ्यावा. ओढत्या सोनारचा मासा, म्हणजे बोटीमागून पाण्यात ओढला जाणारा भाग, तळापासून पल्ल्याच्या दहा ते वीस टक्के उंचीवर राहील अशी दोरी सोडावी आणि बोट सरळ चालवावी, कारण वाकड्या रेषेत जहाजही खडकासारखे दिसते. पडद्यावरील वस्तूपेक्षा तिची सावली अधिक बोलते. सोनार तळापासून ८ मीटर वर आहे, सावली १२ मीटर लांब आहे आणि सावलीचे टोक सोनारपासून ४८ मीटरवर आहे, तर वस्तूची उंची १२ गुणिले ८ भागिले ४८, म्हणजे २ मीटर. सरळ कडा, काटकोन आणि समान अंतरावरील उंचवटे दिसले तर थांबावे. मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारे यंत्र, लोखंड ओळखतो खरा, पण अंतर दुप्पट झाले की त्याचा संकेत आठपट क्षीण होतो, आणि देवगड-विजयदुर्गाकडे तळाशी बेसाल्ट असल्यामुळे खडकच लोखंडासारखे बोलू लागतो. मालवणच्या दक्षिणेस खडक बदलतो, तिथे हे यंत्र अधिक विश्वासाने वापरता येते.

पहिली डुबकी भांगाच्या दिवशी, पाणी थांबण्याच्या वेळी, खुणेवर वजन लावलेली दोरी सोडून घ्यावी. ऑक्टोबरमध्ये पावसाळ्याच्या लाटांनी वाळू सरकलेली असते, म्हणून तेव्हा उघडे पडलेले काही भाग पुढे दिसत नाहीत. पाणी मात्र डिसेंबरपासून अधिक स्वच्छ होते. अवशेषांना गुंडाळलेली जुनी जाळी हा सर्वांत मोठा धोका आहे. प्रत्येकाकडे जाळे कापण्याचे साधन दोन ठिकाणी असावे आणि आत शिरण्याचा विचारही करू नये. आपल्या कोल्हापूरकरांसाठी एक धोका खास आहे: डुबकीनंतर त्याच संध्याकाळी फोंडा, गगनबावडा किंवा आंबोलीचा घाट चढणे. घाटमाथा ६०० ते ७०० मीटरच्या आसपास आहे, आणि सुमारे ६०० मीटरपासून पुढची उंची विमानप्रवासाच्या नियमांत धरली जाते. एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास किनाऱ्यावरच राहावे.

लाकडी जहाज असेल तर ते जहाजासारखे दिसणार नाही. उबदार पाण्यातील किडे उघडे लाकूड खाऊन टाकतात. उरतात ते नीरमाचे (जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी भरलेले) दगड, नांगर, तोफा, शिसे आणि मातीची भांडी. गोव्याजवळ सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला सतराव्या शतकातील जहाजाचे अवशेष मिळाले, त्यांत हत्तीचे आणि पाणघोड्याचे दात व घडीव ग्रॅनाइट दगड होते. आगबोटीचे बॉयलर आणि इंजिन सर्वांत शेवटी टिकून राहतात: तीन सिलिंडरांचे ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन असेल, तर ते १८८० च्या दशकाच्या आधीचे असण्याची शक्यता जवळपास नाही. वस्तूवर कोरलेल्या सालाला मात्र भुलू नये. गोव्याच्याच सेंट जॉर्ज रीफवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५’ असा छाप असलेली कौले मिळाली. १८६५ हे मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष आहे, म्हणून जहाज त्यानंतर केव्हातरी बुडाले, एवढेच त्यावरून ठरते.

शेवटी कायदा. वर काहीही आणू नये, नाणेही नाही आणि विटेचा तुकडाही नाही. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि अलीकडच्या जहाजाच्या अवशेषांची खबर रिसीव्हर ऑफ रेक या अधिकाऱ्याला द्यावी लागते. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाची परवानगी लागते. सोनार ओढण्यापूर्वी सागरी पोलीस आणि बंदर अधिकारी यांना लेखी कळवावे, नाहीतर किनाऱ्यावरून संथपणे फेऱ्या मारणारी बोट पाहून चौकशी होणे स्वाभाविक आहे. जुने जहाज निघाले तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पाण्याखालील पुरातत्त्व शाखेला छायाचित्रे, खोली आणि स्थान यांसह कळवावे. माणसे बुडालेल्या जहाजावर, मग ते १९४७ च्या ‘रामदास’सारखे प्रवासी जहाज असो वा १९७१ ची ‘खुकरी’ ही युद्धनौका, हौसेची डुबकी नसावी. नेमके आकडे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. त्या भागात जाळी टाकणाऱ्या तांडेलांना मात्र ते अवश्य द्यावेत, कारण त्या लोखंडावर जाळे त्यांचे फाटते आणि तिथली पहिली खबर बहुधा त्यांनीच दिलेली असते.